अंडी बाजाराला, पोरे कोरड्या भाकरीला

रायगडातल्या तळ्याकडे पावसाळ्यात बोटींची मासेमारी बंद झाली की माशांच्या वाटणात अंडी पडतात. कांदा-खोबरे भाजून लसूण-मिरचीबरोबर वाटायचे, रस्सा उकळला की अंडी वरूनच फोडून सोडायची आणि झाकण ठेवायचे. ढवळायचे नाही, ढवळले की पिठले!

आपल्या कोरडवाहू मुलखात ओला नारळ कुठला? सुके खोबरे नाहीतर तीळ-शेंगदाण्याचा कूट घ्या. भाकरी ज्वारीचीच हवी. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन कमी, अंड्यात ते भरपूर. जोडी नुसती चवीची नाही.

पण आपल्या कोंबडीचे अंडे बाजाराला जाते. मायबहिणींच्या हाती तेवढाच रोकडा. त्यातून मीठ-मिरची, पोरांच्या वह्या. त्यांना आम्ही दोष देत नाही. कापसाने घर चालवले असते तर अंडी विकावी लागली नसती.

शाळेत आठवड्याला अंडे देण्याचे सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये निधी काढून घेतला, वर लोकवर्गणी जमवा म्हणाले. वर्गणी देणार कोण? तोच कापूसवाला!

कोंबडीवाले शहाणे निघाले. १९८२ साली बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने त्यांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती काढली. व्यापारी सांगेल तो भाव घेणे सोडले, स्वतः भाव जाहीर करू लागले. बैठकीत आधी यावर बोलू. आणि येत्या बाजाराला टोपलीतली चार अंडी घरीच राहू द्या.