शिक्षक हा कामगार नव्हे काय?

द्वितीय वर्ष, कला

माझी आतेबहीण शारजातल्या एका खासगी शाळेत सहा वर्षे शिकवून २०२५ च्या जुलैत घरी परत आली. एम. ए., बी. एड. झालेली, आमच्या भावकीत परदेशी गेलेली पहिलीच बाई. तिला बघायला सगळी आळी लोटली. कुणी तिथल्या उन्हाचे विचारले, कुणी सोन्याच्या भावाचे. माझे वडील, आबा, तेव्हा वाशीहून गावी आले होते. आबा वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी आहेत. सहावीतून त्यांची शाळा सुटली. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, "हिशेब समदा घेतलास न्हवं?"

ताई हसली. म्हणाली, "मामा, शाळेत कसला आलाय हिशेब? पगार महिन्याच्या महिन्याला देत होते."

आबा गप्प बसले. रात्री अंगणात मला म्हणाले, "शिकल्याली मान्सं मागायला लाजत्यात. आमची टोळी न्हाय लाजत."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीने शारजाच्या कायद्यावर लेख का लिहावा, असे वाचकांना वाटेल. पण या वर्गात माझ्याबरोबर बसणाऱ्या निम्म्या मुलींना पुढे बी. एड. करायचे आहे आणि त्यातल्या दोघीतिघी आतापासूनच आखाताची स्वप्ने बघतात. तेव्हा हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकरदारांसाठी २०२१ चा तेहतिसावा कायदा आहे. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. खासगी शाळेतला परदेशी शिक्षकही त्यात येतो. एक वर्ष नोकरी पूर्ण झाली की सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी लागू होते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला एकवीस दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला तीस दिवसांचा. नोकरी संपल्यापासून चौदा दिवसांत सगळी देणी चुकती करायची. पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही. भरतीचा खर्च नोकराकडून वसूल करायचा नाही. अनुभवाचा दाखला मागितला तर तो फुकट द्यायचा. माझे इंग्रजी बेताचे, तरी शब्दकोश घेऊन बसल्यावर एवढे मला समजले. मग ताईला, जी सहा वर्षे इंग्रजीच शिकवत होती, ते का समजू नये? तिने कायदा कधी उघडूनच पाहिला नव्हता!

आता तिचा हिशेब मांडून बघू. कागदावर तिचा पगार तीन हजार दिरहम. पण त्यात मूळ पगार फक्त पंधराशे; बाकीचे पंधराशे घरभाडे, प्रवास अशा भत्त्यांत वाटलेले. ही वाटणी उगीच केलेली नसते. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात, म्हणून मूळ आकडा जितका लहान तितके मालकाचे देणे लहान. पाच वर्षांचे एकशेपाच दिवस आणि सहाव्या वर्षाचे तीस, मिळून एकशेपस्तीस दिवस. रोजचे पन्नास दिरहम धरले तर सहा हजार सातशेपन्नास दिरहम होतात. पगाराची वाटणी केली नसती तर याच्या दुप्पट झाले असते. तरीही जे उरले ते आपल्या रुपयांत दीड लाखाच्या वर जाते. आत्याच्या घराचा स्लॅब तीन वर्षे रखडला आहे, तो तेवढ्यात पडला असता.

ते पैसे का मिळाले नाहीत, ते ताईने मला हळूहळू सांगितले. कार्यालयातला कारकून म्हणाला, "तुम्ही स्वतः राजीनामा दिलात, मग ग्रॅच्युइटी कसली?" ही शुद्ध थाप होती. १९८० च्या जुन्या कायद्यात राजीनामा देणाऱ्याची रक्कम कापली जाई किंवा बुडे हे खरे. पण तिथेही पाच वर्षांच्या वर नोकरी झालेल्याला पूर्ण रक्कम होती, आणि नव्या कायद्याने तर तो भेदच काढून टाकला. नंतर तिच्यापुढे व्हिसा रद्द करण्याचे कागद ठेवले. त्यात सर्व देणी मिळाली असे एक वाक्य होते. तिने सही केली. विमान चार दिवसांवर आले होते, मुख्याध्यापिका समोर बसल्या होत्या, आणि निरोप समारंभात मिळालेली शाल अजून हातातच होती. शाल देऊन पाठवणाऱ्यांशी पैशाचे कसे बोलायचे, असे तिला वाटले. तिथे गेल्यावर पहिल्या चार पगारांतून व्हिसाचा खर्च कापून घेतला होता, तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

तिच्याच खोलीत राहणारी केरळची एक बाई मात्र सही न करता उठली. तिने मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार नोंदवली. तिथे अशी सोय आहे की मंत्रालय आधी समेट घडवते, आणि दावा पन्नास हजार दिरहमपर्यंतचा असेल तर २०२४ पासून स्वतःच निर्णय देऊ शकते. न्यायालयाची पायरी लगेच चढावी लागत नाही. शाळेचा माणूस दुसऱ्या भेटीतच धनादेश घेऊन आला. त्या बाईला कुणी हाकलून दिले नाही की तिचे नाव कुठल्या यादीत गेले नाही. आज ती अजमानमध्ये दुसऱ्या शाळेत शिकवते. ताई मला हे सांगत होती तेव्हा तिच्या बोलण्यात कौतुक होते आणि थोडा रागही होता. कुणावर, ते मी विचारले नाही.

माझे म्हणणे असे की ताईचे पैसे शाळेने बुडवले हे खरे, पण ते बुडवणे सोपे झाले ते 'मी काही कामगार नव्हे' या तिच्या समजुतीमुळे. ही समजूत तिने तिकडे जाऊन शिकलेली नाही. ती इथून बरोबर नेली. शिक्षकदिनाला आपण गुरूला देवाच्या जोडीला बसवतो. देवाला पगारपत्रक नसते! आपल्याच देशात १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा होता, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्या कायद्याच्या व्याख्येत शिक्षक 'कर्मचारी' म्हणून बसतच नाही. कारकून बसत होता, शिपाई बसत होता, शिक्षक नाही. मग २००९ मध्ये संसदेने व्याख्या बदलली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली. खासगी शाळाचालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २९ ऑगस्ट २०२२ रोजी हरले. एवढा काळ 'शिक्षक कोण?' हा वाद चालू होता. इकडे वर्गात मात्र आम्ही त्याच्यावर निबंध लिहीत होतो.

आबांची गोष्ट उलटी. ज्यांच्या पाठीवर पोते आहे त्यांना आपण मजूर आहोत की नाही हा प्रश्न कधी पडला नाही. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केले, १९६९ साली माथाडी कायदा झाला. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही बोर्डाकडे भरतो. त्या लेव्हीतून आबांचा भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी निघते. सगळे गोड आहे असे मुळीच नाही. आबांचे गुडघे गेले आहेत आणि नोंदणी नसलेले कितीतरी लोक त्याच बाजारात उघड्यावर राबतात. पण बोर्डाचे कागद आमच्या घरात देवघराच्या फळीवर असतात आणि आबा दर वर्षी आकडा मला मोठ्याने वाचायला लावतात. मी चौथीत असल्यापासून वाचते आहे.

मग शिक्षकांनी तिकडे संघटना करावी, असे कुणी म्हणेल. ते शक्य नाही. अमिरातीत कामगार संघटनेला आणि संपाला परवानगीच नाही. आबांच्या टोळीसारखी टोळी तिथे उभी राहणार नाही. म्हणून तर एकट्या माणसाजवळचा कागद तिथे जास्त मोलाचा. कराराची प्रत, बँकेचा उतारा, शाळेने पाठवलेली पत्रे, हे ज्याच्याजवळ आहे त्याला तोंड उघडता येते.

आपले सरकारही या बाबतीत विचित्र आहे. आमच्या गावचा एक गवंडी दुबईला गेला. तो दहावी नापास, म्हणून १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे त्याला जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागली. त्याचा करार कुणीतरी सरकारी डोळ्यांनी पाहिला. दहावी पास झालेल्याला ही अट नाही. शिकलेला माणूस स्वतःचे हित स्वतः बघेल असे धरले आहे. परिचारिकांची फसवणूक फार झाली तेव्हा २०१५ पासून त्यांना शिक्षण असूनही परवानगीच्या कक्षेत आणले. शिक्षिकांना आणलेले नाही. म्हणजे ताईच्या पदव्यांनीच तिचा राखणदार काढून घेतला. अडवणूक वाढेल, दलाल वाढतील, म्हणून ही परवानगी नको असे काही जण म्हणतात आणि त्यातही तथ्य आहे. पण निदान करार मराठीत समजावून सांगणारी एखादी खिडकी जिल्ह्याच्या ठिकाणी का असू नये? मूळ पगार किती आणि भत्ते किती, एवढा एकच प्रश्न तिथे विचारला गेला तरी पुष्कळ झाले.

आमच्या एका प्राध्यापकांशी मी याबद्दल बोलले. ते म्हणाले, परक्या देशात पाहुण्यासारखे राहावे, भांडू नये. सरांविषयी मला आदर आहे. पण पाहुण्याला कुणी रोज सात तास वर्गात उभे करत नाही, आणि त्याच्याकडून वह्या तपासून घेत नाही. शिवाय केरळच्या बाईने भांडण कुठे केले? त्याच देशाने केलेला कायदा तिने त्याच देशाच्या कचेरीत दाखवला.

ताईचा दावा अजून गेलेला नाही. तिकडच्या कायद्यात २०२४ साली झालेल्या बदलानुसार नोकरी संपल्यापासून दोन वर्षांत दावा करता येतो. सही केलेला कागद आडवा येणार हे आम्हाला माहीत आहे. पण पगार सहा वर्षे बँकेतून जमा होत होता आणि शेवटच्या महिन्यानंतर खात्यावर एक दिरहमही आलेला नाही, हे उताऱ्यात स्वच्छ दिसते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघींनी अर्ज लिहायला घेतला. ताईने पहिल्या मसुद्यात 'कृपा करून' हे शब्द तीनदा घातले होते. दोन मी खोडले. तिसरा तिने खोडू दिला नाही, म्हणाली, "एवढा राहू दे गं." आबांनी तो कागद हातात घेतला, आकडा कुठे लिहिला आहे ते माझ्याकडून दाखवून घेतले, आणि बोर्डाच्या कागदांशेजारी फळीवर ठेवून दिला.