काठावरचा आकडा

गणपतीला तीन आठवडे राहिले की मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत गाड्यांची रांग लागते. चाकरमानी तेल बदलून घेतो, एसीचा गॅस भरून घेतो, टपावर कॅरिअर चढवतो आणि निघता निघता सांगतो, ‘ब्रेकला जरा कुरकुर आहे, पॅड टाकून दे.’ गॅरेजवाला पुढचे चाक काढतो, डिस्कवरून अंगठ्याचे नख फिरवतो आणि निकाल देतो, ‘साहेब, लाइनी पडल्यात. लेथवर फेस मारून आणू. नवीन कशाला? अजून दोन वर्षं हलत नाही.’ काही शे रुपयांत काम होते, काही हजार वाचतात, दोघेही खूश. आम्हाला भीती वाटते ती त्या नखाची. ज्या डिस्कच्या भरवशावर पाच माणसे आंबा, करूळ किंवा आंबोलीचा घाट उतरणार आहेत, ती ठेवायची की टाकायची हे एका नखाने ठरवले.

डिस्क बिडाची असते. तिच्या काठावर किंवा मधल्या टोपीवर कारखान्यातच एक आकडा उठवलेला असतो. ‘मिनिमम थिकनेस’ची इंग्रजी आद्याक्षरे आणि पुढे मिलिमीटर. लहान मोटारीच्या पुढच्या डिस्कची नवी जाडी आणि हा आकडा यांत साधारण दोन मिलिमीटरचे अंतर असते. गंज आणि काजळी तारेच्या ब्रशने घासली की तो वाचता येतो. वाचतो कोण, हा प्रश्न आहे. आणि जे वाचतात त्यांतलेही बरेच जण तो चुकीचा वाचतात. ‘इथपर्यंत तासायला परवानगी’ असा त्याचा अर्थ ते लावतात. खरा अर्थ असा की डिस्क इथे पोहोचली की ती भंगार. लेथवरून उतरताना जाडी या आकड्यापेक्षा चांगली जास्त हवी, कारण पुढे नवे पॅड संपेपर्यंत तीही झिजणारच आहे.

दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटते खरे. म्हणून हिशेब मांडून पाहू. आतून हवा खेळणारी 20 मिलिमीटरची डिस्क घ्या. मधले कप्पे 8 मिलिमीटरचे, दोन्ही अंगांना 6-6 मिलिमीटरच्या बिडाच्या चकत्या. दोन्हीकडून एकेक मिलिमीटर तासले की वरून पाहणाऱ्याला दहा टक्के गेल्यासारखे वाटते. पण कप्प्यातली पोकळी काही तासली जात नाही. उष्णता पिणारे बीड सहाव्या हिश्शाने गेले. आता ही गाडी खंडाळ्याहून खोपोलीला उतरवा. सुमारे 500 मीटरचा उतार. माणसे-सामानासकट 1200 किलोची गाडी एवढी खाली येते तेव्हा 58-59 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी 80 किलोमीटरने धावणारी तीच गाडी वीस वेळा करकचून थांबवावी, एवढी. त्यातला बराच वाटा खालच्या गिअरमधले इंजिन उचलते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे जे बहाद्दर आहेत, त्यांच्या गाडीत जवळपास सगळे ओझे त्या पातळ चकत्यांवर.

उष्णता डिस्कमध्ये मावली नाही की पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो. हवेतले पाणी शोषून जुने झालेल्या तेलासाठी हीच मर्यादा 155 धरतात, डॉट 3 असेल तर 140. कोकणातल्या पावसाळी हवेत उभ्या राहिलेल्या आणि चार वर्षे ऑइल न बदललेल्या गाडीची कल्पना वाचकांनीच करावी. तेल उकळले की नळ्यांत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होऊन तळाला जाते. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन शब्द येतात, ‘ब्रेक फेल’. जणू वीज पडावी तसे ते कुठून तरी आले! घाटात उलटलेल्या प्रत्येक गाडीमागे तासलेली डिस्क असते असे आम्ही म्हणत नाही. चालक, भार, उतार, टायर अशी कारणे अनेक असतात. पण हे दोन शब्द छापले की जाडी मोजायला कुणी जात नाही, हेही तितकेच खरे.

लेथचीही गोष्ट सांगितली पाहिजे. डिस्क तासण्याचे खास यंत्र दोन्ही अंगांना एकाच वेळी टूल लावते. गाडीवरच, हबवर बसलेल्या स्थितीत डिस्क कापणारे यंत्र त्याहून उत्तम. आपल्या गल्ल्यांमध्ये मात्र बुश, शाफ्ट आणि पुली टर्निंग करणारा साधा लेथ असतो. डिस्क टोपीला धरून तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळायची, एक अंग कापायचे, सोडायची, उलटी करायची, पुन्हा आवळायची. कारागीर कितीही हातखंडा असला तरी दुसऱ्यांदा आवळताना दोन्ही अंगे समांतर राहतीलच असे नाही. डिस्कच्या जाडीत एका फेऱ्यात एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी ब्रेक मारताना पेडल थडथडू लागते. केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. म्हणजे थरथर घालवायला गेलेली डिस्क कधी कधी थरथर घेऊन परत येते, आणि येताना जाडी तेवढी हरवून येते.

मुळात ‘डिस्क वाकडी झाली’ हे निदान बहुतेक वेळा कच्चे असते. हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा राहिलेला असतो, किंवा टायरवाल्याने हवेच्या गनने नट वाटेल तसे आवळलेले असतात. डिस्क किंचित तिरकी बसते, दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते आणि काही हजार किलोमीटरांनी तिथली जाडी कमी होते. कधी पॅडचा माल डागांसारखा चिकटून बसतो. जिथे डिस्क तापून निळसर झाली, तिथे बिडात कडक गाठी तयार होतात. टूल त्यांच्यावरून उडी मारते आणि तासल्यावर त्या पुन्हा वर येतात. अशी डिस्क टाकूनच द्यावी. पण हब न घासता नवी डिस्क चढवली तर तीही त्याच वाटेने जाणार.

दुसऱ्या टोकालाही आजार हाच आहे. चकाचक वर्कशॉपमध्ये पॅडबरोबर डिस्कची जोडी बिलात आपोआप येते. उथळ रेषा असलेली, जाडी भरपूर असलेली, थरथर नसलेली डिस्क ना तासावी लागते ना बदलावी लागते. तिच्यावर नवे पॅड लावून सुरुवातीला बेताचे ब्रेक मारत ते बसवून घेतले की पुरे. गल्लीतला ‘फेस मारू’ म्हणतो, काचेमागचा ‘बदलू’ म्हणतो. मापलेले दोघांनीही नसते. आम्हाला दोघांत फरक दिसतो तो बिलाच्या रकमेचा.

मापायचे तेही नीट. झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या काठावर, जिथे पॅड पोहोचत नाही, तिथे एक कड उभी राहते. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि डिस्क आहे त्याहून जाड दिसते. म्हणून मायक्रोमीटर हवा आणि काठापासून सेंटिमीटरभर आत, गोलाकार सात-आठ ठिकाणी माप घ्यायला हवे. सर्वांत कमी आलेले माप ते खरे. पाच मिनिटांचे काम. आयटीआयमध्ये मायक्रोमीटर धरायला शिकलेली मुलेच गॅरेजात हे काम करतात. तिथे त्यांच्या हातात पाना असतो, मायक्रोमीटर नसतो.

सरकार यात कुठे आहे? खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची. एवढ्या काळात धुराची तपासणी वेळोवेळी होते, ब्रेककडे एकदाही कुणी अधिकृतपणे पाहत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की तिची दरवर्षी तपासणी होते, ब्रेकसकट. व्यावसायिक वाहनांना आपल्याकडे फिटनेस आहे, पण तिथे रोलरवर चाक फिरवून ब्रेकचा जोर पाहतात. थंड डिस्क, कमी वेग, अर्धा मिनिट. या परीक्षेत पातळ डिस्कही मानाने उत्तीर्ण होते. ती नापास होते घाटातल्या नवव्या वळणावर.

दुचाकीवाल्यांसाठी एकच सांगणे. बाइकची डिस्क चार-पाच मिलिमीटरची पोलादी पत्र्यासारखी असते. तिला लेथ लावण्याचा विचारही करू नये. झिजली की बदलावी.

आमची मागणी साधी आहे. ब्रेकच्या प्रत्येक कामाच्या बिलावर दोन आकडे लिहिणे सक्तीचे करा: डिस्कची मोजलेली जाडी आणि काठावरची किमान जाडी. मागच्या चाकांना ड्रम असतील तर त्यांचा मोजलेला व्यास आणि ड्रमवर लिहिलेला कमाल व्यास. फिटनेस केंद्रांवर रोलरच्या शेजारी एक मायक्रोमीटर ठेवा. परिवहन खात्याला नियम करायला वेळ लागेल हे आम्ही जाणून आहोत. गणपती तेवढे थांबणार नाहीत. म्हणून या तीन आठवड्यांत गाडी गॅरेजला देणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे तोंडी तरी विचारावेत. मिस्त्री वैतागेल, ‘एवढा विश्वास नाही का?’ म्हणेल. विचारावेत तरीही.

आणि टाकाऊ ठरलेली डिस्क दुकानाच्या कोपऱ्यात ठेवून येऊ नये. तिथून ती भंगारात जाते, भंगारातून लेथवर आणि लेथवरून चकचकीत होऊन ‘सेकंडहँड, एकदम ओके’ म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला लागते. मिस्त्रीकडून घण मागून घ्यावा. बीड ठिसूळ असते, दोन-चार घावांत फुटते. भंगारवाला तुकडेही वजनावरच घेतो.