हौसेला मोल असतेच!

लांब पल्ल्याच्या प्रवासाला चालणाऱ्या वेगवान मोटारसायकलींची भारतातील पहिली पिढी आता पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली आहे. काहींनी तर तो ओलांडलाही आहे. २००३ मध्ये हिरो होंडाची २२३ सीसीची 'करिझ्मा' आली आणि शंभर सीसीच्या काटकसरी दुचाकींना सरावलेल्या मध्यमवर्गाला प्रथमच दूरच्या रस्त्याची स्वप्ने पडू लागली. २००७ मध्ये बजाजची 'पल्सर २२०', २००९ मध्ये 'करिझ्मा झेडएमआर' आणि कावासाकीची दोन सिलिंडरची 'निन्जा २५०आर', तर २०११ मध्ये होंडाची 'सीबीआर २५०आर' अशी ही मालिका पुढे सरकत गेली. शर्यतीच्या गाडीचा वेग आणि प्रवासी गाडीची आरामशीर बैठक यांचा मेळ घालणाऱ्या या प्रकाराला 'स्पोर्ट्स टूरर' असे म्हटले जाते. त्या काळी महाविद्यालयात असलेल्या ज्या तरुणांना या गाड्या परवडल्या नाहीत, ते आज चाळिशीच्या आसपास आहेत. खिशात पैसे आहेत आणि जुन्या बाजारात त्याच गाड्या नव्या गाडीच्या तुलनेत फारच थोड्या किमतीत उपलब्ध आहेत. साहजिकच हौस उफाळून येते.

मात्र मोटार वाहन कायद्यानुसार दुचाकीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. २०११ मध्ये नोंदविलेल्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपते. विकणाऱ्याला ही तारीख नेमकी ठाऊक असते, विकत घेणाऱ्याला मात्र तिची आठवण बहुधा व्यवहार झाल्यानंतर होते. जुन्या मोटारसायकलीच्या व्यवहारातील खरी मेख येथेच आहे.

करबदलाचा परिणाम

या बाजाराला गेल्या काही काळात करधोरणानेही वळण दिले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यापेक्षा मोठ्या इंजिनाच्या दुचाकींवर पूर्वी अधिभारासह ३१ टक्के कर होता, तो ४० टक्के झाला. याचा अर्थ सरळ आहे. अडीचशे-तीनशे सीसीची नवी गाडी स्वस्त झाल्याने त्या गटातील जुन्या गाडीसाठी चढी किंमत मोजण्याचे कारण उरलेले नाही. याउलट साडेसहाशे सीसीची नवी गाडी महागल्यामुळे त्या गटातील जुन्या गाड्यांकडे ग्राहक वळणे स्वाभाविक आहे. जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यांना त्यांच्या नफ्याच्या रकमेवर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के कर द्यावा लागतो. दोन व्यक्तींमधील थेट व्यवहारावर तो लागत नाही. त्यामुळे ओळखीतून, परस्पर होणारा सौदा स्वस्त वाटतो. पण सौद्यात जोखीम कोणाच्या गळ्यात पडते, याचा हिशेब या स्वस्ताईत धरलेला नसतो.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक सिद्धान्त मांडला. विकणाऱ्याला मालाची खोट ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात, अशी स्थिती असेल तर चांगल्या मालालाही योग्य भाव मिळत नाही आणि हळूहळू चांगला माल बाजारातून बाहेर पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. २००१ मध्ये त्यांना ज्या कार्यासाठी नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला, त्यात या विवेचनाचा मोठा वाटा होता. भारतातील जुन्या मोटारसायकलींचा बाजार आजही त्याच अवस्थेत आहे. येथे ग्राहक आधी इंजिनाचा आवाज ऐकतो, मग रंग पाहतो, मग घासाघीस करतो आणि कागदपत्रे सर्वांत शेवटी हाती घेतो. वास्तविक हा क्रम नेमका उलटा हवा.

आधी कागद, मग गाडी

जुनी गाडी घेणे म्हणजे एक कायदेशीर जबाबदारी अंगावर घेणे होय. कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळविणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात कोऱ्या 'टीटी फॉर्म'वर सही घेऊन गाडी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात फिरत राहते. हा गाफीलपणा किती महागात पडतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दाखवून दिले. अनेक हात फिरलेल्या वाहनाच्या अपघातातील भरपाईची जबाबदारी, परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच्यावरच राहते, असा स्पष्ट निर्वाळा न्यायालयाने दिला. विकणाऱ्याच्या दृष्टीने हा इशारा आहेच. घेणाऱ्यासाठीही त्यात बोध आहे, कारण नाव न चढलेल्या गाडीवर त्याचाही पुरता हक्क सिद्ध होत नाही.

त्यानंतर येतो बोजा. कर्जावर घेतलेल्या गाडीचे हप्ते फिटले तरी नोंदणीपुस्तकातील बँकेचा बोजा उतरविण्याचे काम अनेक मालक लांबणीवर टाकतात. बँकेचे ना-देय प्रमाणपत्र आणि बोजा उतरविल्याची नोंद हाती आल्याखेरीज पैसे मोजू नयेत. चेसिस व इंजिनवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. प्रलंबित दंड तपासावेत. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसविणे सक्तीचे करण्यात आले आहे. त्यासाठीची मुदत २०२५ मध्ये वारंवार वाढवावी लागली, यावरूनच किती जुन्या गाड्यांनी हे काम मागे ठेवले होते याची कल्पना येते.

पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे गणितही आधीच मांडायला हवे. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीसाठी हे शुल्क १,००० रुपये आणि आयात दुचाकीसाठी १०,००० रुपये करण्यात आले. विलंब झाल्यास दुचाकीला दरमहा ३०० रुपयांचा भुर्दंड आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील दुचाकीसाठी हे शुल्क २,००० आणि आयात दुचाकीसाठी २०,००० रुपये झाले. महाराष्ट्रात यावर पर्यावरण कर वेगळा. रक्कम हजारातील असली तरी धोरणाची दिशा उघड आहे. गाडी जितकी जुनी, तितके तिला रस्त्यावर ठेवणे महाग.

परराज्यातील गाडीबाबत तर दुप्पट सावधगिरी हवी. दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदी कायम केली. त्यानंतर तेथील मुदत संपत आलेल्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात देऊ केल्या जाणे ओघानेच आले. मात्र अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवायची तर ना-हरकत प्रमाणपत्र, नवा क्रमांक आणि येथील रस्ता कर अटळ आहे. हे सारे जमेस धरल्यावर करोलबागेतील स्वस्ताई पुण्यात पोहोचेपर्यंत बरीच विरून जाते.

पाठीशी कोणी उरले आहे का?

कागद चोख असले तरी दुसरा प्रश्न उरतो, तो सुट्या भागांचा. स्पोर्ट्स टूरर गाडीला पुढून आणि बाजूंनी प्लास्टिकचे आवरण असते. उभी असताना पडली तरी ते तडकते. इंजिनाचे सर्वसाधारण भाग कुठेतरी मिळून जातात, पण अशा आवरणाचा विशिष्ट तुकडा, विशिष्ट दिवा किंवा इंधन पुरवठ्याचा इलेक्ट्रॉनिक भाग मिळेनासा झाला की गाडी महिनोन् महिने गॅरेजमध्ये धूळ खात पडते. गाडीचे उत्पादन थांबले असेल तर ही भीती अधिक. 'सीबीआर २५०आर'ची विक्री २०२० मध्ये नवे प्रदूषण निकष आल्यावर थांबली. हिरो आणि होंडा यांची फारकत डिसेंबर २०१० मध्ये जाहीर झाली, तर बजाज आणि कावासाकी यांची विक्रीतील भागीदारी २०१७ मध्ये संपुष्टात आली.

या बाबतीत सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्रातीलच आहे. कोरियाच्या ह्योसंग कंपनीच्या मोटारसायकली प्रथम कायनेटिक समूहाने भारतात आणल्या. पुढे गरवारे मोटर्सने त्या सातारा जिल्ह्यातील वाई येथे जुळविण्यास प्रारंभ केला. नंतर ही जबाबदारी पुण्याच्या डीएसके समूहाकडे गेली आणि तो समूह आर्थिक अडचणीत सापडल्यावर तीही साखळी तुटली. दोन सिलिंडरची, ६४७ सीसीची 'जीटी६५०आर' ज्यांनी त्या काळी हौसेने घेतली, त्यांच्या गाडीत खोट असो वा नसो, पाठीशी उभा राहणारा विक्रेता मात्र बदलत राहिला. जुन्या बाजारात अशी गाडी मोहक किमतीला मिळते, त्याचे कारण हेच. म्हणूनच सौदा ठरविण्यापूर्वी पुढचा-मागचा ब्रेक, क्लचप्लेट, चेन-किट आणि आवरण या चार गोष्टी आपल्या शहरात, किती दिवसांत आणि किती रुपयांत मिळतील, याची चौकशी करणे हाच शहाणपणा ठरतो. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईतील कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार अडल्यावेळी उपयोगी पडतो, पण त्याच्या भरवशावर लडाखचा बेत आखता येत नाही.

वेगापेक्षा ब्रेक महत्त्वाचा

या गाड्या वेगाच्या नावावर विकल्या जातात. पण महाराष्ट्रातील वस्तुस्थिती अशी की, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू हे राज्यातील सर्वांत वेगवान रस्ते दुचाकींसाठी बंद आहेत. म्हणजे जुनी स्पोर्ट्स टूरर घेणाऱ्याचा प्रवास व्हायचा तो जुन्या महामार्गांवरून, ताम्हिणी-आंबोलीच्या घाटांतून आणि पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांतून. येथे ताशी सव्वाशेच्या वेगापेक्षा ओल्या वळणावर गाडी किती लवकर आणि न घसरता थांबते, याला मोल आहे.

नेमक्या याच बाबतीत जुनी पिढी मागे आहे. चाक जागच्या जागी जखडून घसरणे रोखणारी 'एबीएस' यंत्रणा १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून सरसकट बंधनकारक झाली. त्याआधीच्या बहुसंख्य गाड्यांना ती नाही. 'सीबीआर २५०आर'वर ती जादा किमतीत मिळत असे, त्यामुळे दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांत ती असलेली गाडी थोडी महाग घेणे केव्हाही श्रेयस्कर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले आणि त्यातील ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. हौसेच्या हिशेबात हा आकडा विसरून चालणार नाही.

टायरच्या कडेवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक असतात. खाचा शाबूत दिसत असल्या तरी दहा वर्षांचे कडक झालेले रबर ओल्या रस्त्यावर दगा देते. ब्रेकचे तेल हवेतील आर्द्रता शोषून घेते, म्हणून कमी वापरलेल्या गाडीतही ते बदलावे लागते. हँडलची टोके, पायदाणीची टोके आणि इंजिनाच्या बाजूचे आवरण यांवरील ओरखडे गाडी पडल्याची साक्ष देतात. पुढच्या शॉकअबसॉर्बरमधून तेल झिरपणे, हँडलचा कोनसेट मधोमध अडकणे, चेन ओढल्यावर स्प्रॉकेटपासून सुटणे, ही सारी खर्चाची पूर्वसूचना असते. इंजिन गरम करून ठेवलेली गाडी दाखविली तर ती थंड होईपर्यंत थांबावे, कारण खरा दोष थंड इंजिन सुरू करतानाच कळतो.

यात आता इंधनाची भर पडली आहे. वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर रुळले. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि गास्केट त्या मिश्रणासाठी बनविलेल्या नव्हत्या, आणि काही जुन्या वाहनांत हे भाग लवकर बदलावे लागतील हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले आहे. इथेनॉल पाणी शोषते. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या हौशी गाडीच्या टाकीला त्यामुळे गंजाचा धोका अधिक. 'गाडी फारशी चाललेलीच नाही' ही जाहिरात म्हणूनच नेहमी गुणाची नसते.

नोंदी खुल्या व्हाव्यात

हे सर्व ग्राहकाने एकट्याने तपासावे, अशी अपेक्षा ठेवणे कितपत रास्त आहे? केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी नियम केले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपविल्याची नोंद झाल्यावर तिची जबाबदारी त्याच्याकडे जाते, ही त्यातील तरतूद निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु 'वाहन' प्रणालीवर ग्राहकाला नोंदणी, विमा, बोजा आणि प्रदूषण प्रमाणपत्राची माहिती मिळते, गाडीचा पूर्वी अपघात झाला होता का याची नाही. विमा कंपन्यांकडील भरपाईच्या नोंदी गाडीच्या क्रमांकाशी जोडून ग्राहकाला दाखविल्या, तर अकरलॉफ यांनी सांगितलेले अज्ञान बऱ्याच अंशी दूर होईल. जुन्या वाहनांवर वाढीव शुल्क आकारणाऱ्या शासनाने त्या बदल्यात एवढी पारदर्शकता द्यावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

तोवर हिशेब ग्राहकालाच करायचा आहे. विक्रेत्याने सांगितलेली किंमत हा त्याचा केवळ पहिला आकडा. त्यात हस्तांतरण आणि फेरनोंदणी, नवे टायर, ब्रेकची दुरुस्ती, चेन-किट आणि विमा यांचा खर्च मिळवावा व जी बेरीज येईल ती करकपातीनंतरच्या नव्या गाडीच्या किमतीशेजारी मांडून पाहावी. कित्येकदा नवी, 'एबीएस'ची, हमी असलेली गाडी फार दूर नसल्याचे ध्यानात येईल. आणि तरीही जुनीच घ्यावीशी वाटली, तर खुशाल घ्यावी. चोख कागदांची, भाग मिळणारी, नीट थांबणारी जुनी गाडी आजही घाट चढवून नेते. हौसेला मोल नसते असे म्हणण्याची रीत आहे. जुन्या मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र ते असते, आणि गाडी घरी आणण्यापूर्वी ते काढलेले बरे.