पडझडीचा आनंद आणि बुजवलेली वाट

परवा एका चर्चासत्रात, नवी माध्यमे आणि संवेदनशीलता अशा काहीशा भारदस्त विषयावर बोलताना, एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी व्हिडिओ गेम खेळणाऱ्या तरुणांचा निकाल दोन वाक्यांत लावून टाकला. ही पिढी रागावलेली आहे, म्हणून ती पडद्यावर इमारती पाडते. आणि पाडता पाडता अधिकच रागावते. सभागृहाने माना डोलावल्या. मग एक तरुण अध्यापक प्रतिवादाला उठले. राग पडद्यावर सांडला की बाहेर उरत नाही, हे तर विरेचनच झाले, असे त्यांचे म्हणणे. सभागृहाने पुन्हा माना डोलावल्या. आमची खात्री आहे की दोघांपैकी एकानेही हे खेळ पाच मिनिटेसुद्धा खेळून पाहिलेले नव्हते. न वाचलेल्या कादंबरीवर आपण बोलत नाही (निदान उघडपणे बोलत नाही). मग न खेळलेल्या खेळावर बोलण्याची मुभा साहित्याच्या शिक्षकांना कोणी दिली?

आधी खेळ कोणते ते स्पष्ट करू. ज्यांत खेळणाऱ्यापुढे एक आखलेली वाट नसून सारा प्रदेशच मोकळा असतो आणि त्या प्रदेशात उभारलेल्या वस्तू खरोखर मोडता येतात, असे हे खेळ. ही दोन लक्षणे एकत्र येणे दुर्मीळ असते. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत एका पिढीने तासावर पैसे मोजून खेळलेला २००२ सालचा ‘व्हाइस सिटी’ आठवावा. त्या शहरात कुठेही भटका, गाडी पळवा, विजेचे खांब आडवे करा. पण घराची भिंत? तिच्यावर रणगाडा घातला तरी ती ढिम्म. ते शहर म्हणजे नाटकाचा रंगवलेला पडदा होता. त्यात फिरता येत असे, त्याला हात लावता येत नसे.

अमेरिकेतील व्होलिशन या संस्थेने (ती २०२३ मध्ये बंद झाली) २००९ साली काढलेल्या ‘रेड फॅक्शन : गरिला’ या खेळाने हा पडदा बाजूला सारला. स्थळ मंगळ ग्रह, काळ बाविसावे शतक. पृथ्वीवरून आलेल्या लष्कराची जुलमी राजवट आणि तिच्याविरुद्ध बंड करणारे खाणकामगार. कथानक बेतास बात, त्यावर अधिक शब्द खर्चू नयेत. खरा प्रकार सुरू होतो तो नायकाच्या हाती मोठा घण येतो तेव्हा. या खेळातील प्रत्येक बांधकाम सुट्या भागांचे रचलेले आहे आणि कोणता भाग किती भार पेलतो आहे याचा हिशेब संगणक सतत ठेवत असतो. खांब तोडा, छत झुकते. दुसरा तोडा, मनोरा शेजारच्या कोठारावर कोसळतो. असे सांगतात की खेळ घडत असताना कलाकारांनी काढलेल्या देखण्या इमारती या हिशेबात टिकेनात, आपल्याच वजनाने खाली येत. शेवटी त्यांना खऱ्या वास्तूसारखे आधार द्यावे लागले. आम्हाला ही गोष्ट फार सूचक वाटते. पाडण्याचा खेळ रचणाऱ्यांना आधी बांधायला शिकावे लागले. (हिशेब अचूकच असतो असे मात्र नाही. कधी एखादी इमारत एकाच कोपऱ्याच्या तुळईवर निर्लज्जपणे उभी राहते, तेव्हा हसू येते.)

हे घडताना खेळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. कपाळावर आठी नसते. तो वाकून खालून वर पाहत असतो, भार कुठे आहे ते शोधत असतो, आणि इमारत पडते तेव्हा त्याचे डोळे विस्फारलेले असतात. आमच्या प्राध्यापकांना हा रौद्र वाटला, कारण कृती रौद्राची आहे. पण रौद्राचा स्थायीभाव क्रोध, आणि इथे क्रोध औषधालाही नाही. इथला स्थायीभाव विस्मय आहे. म्हणजे कृती रौद्राची आणि आस्वाद अद्भुताचा. जग आपल्या हाताला उत्तर देते, नुसते दिसत नाही तर तोलले आणि ढकलले जाते, या जाणिवेचा तो विस्मय आहे. ज्या तरुणाला कचेरीत, परीक्षेत, रस्त्यावर कुठलीच गोष्ट आपल्या हाताने तसूभरही हलताना दिसत नाही, त्याला पडद्यावर हलणारी भिंत मोह घालते यात विकृती कसली?

या आनंदाला परका समजण्याचेही कारण नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केलेल्या कोणालाही तो ठाऊक आहे. बुरुज थापायचे, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, मावळे मांडायचे, आणि दिवाळी सरली की कोणीतरी दरवाजाच्या पोटात सुतळी बॉम्ब ठेवायचाच. आम्हीही ठेवला आहे. फरक इतकाच की तो किल्ला आम्ही थापलेला होता. कुठला बुरुज सरळ राहायला तयार नव्हता आणि कुठल्या दगडाने बोट ठेचले होते, हे तो उडवताना आम्हाला माहीत होते. त्या आनंदात थोडी हुरहूर मिसळलेली असे, आणि ती कोणी शिकवावी लागत नसे.

इथवर आम्ही या खेळांची बाजू घेतली. पण त्यांच्या चाहत्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत, कारण आमची खरी तक्रार आता सुरू होते. भरताने रसांच्या जननाचा क्रम सांगितला आहे, त्यात रौद्रातून करुण निर्माण होतो असे म्हटले आहे. क्रोधाच्या कृतीचे फळ कोणाच्या तरी वाट्याला शोक होऊन येते. ही केवळ वर्गीकरणाची सोय नाही, ते कथेचे नीतिशास्त्र आहे. मोडतोडीच्या या खेळांनी रौद्राची कृती घेतली, अद्भुताचा आस्वाद घेतला आणि करुणाकडे जाणारी वाट मात्र विचारपूर्वक बुजवून टाकली. विरेचनवाल्या तरुण अध्यापकांनाही आमचे हेच उत्तर आहे. ॲरिस्टॉटलचे विरेचन करुणा आणि भीती यांचे आहे, रागाचे नाही. जिथे करुणा उत्पन्नच होऊ दिलेली नाही तिथे निचरा कशाचा करणार?

वाट कशी बुजवली जाते हे पाहायचे तर स्वीडनमधील अवलांच स्टुडिओजची ‘जस्ट कॉज’ ही मालिका पाहावी. तिचा दुसरा भाग २०१० सालचा. पनाऊ नावाचे कल्पित आग्नेय आशियाई बेट, सुमारे एक हजार चौरस किलोमीटर. बर्फाचे डोंगर, वाळवंट, जंगल, शहर, सारे काही. त्यावर एक हुकूमशहा, आणि त्याला उखडायला आलेला अमेरिकी हेर. या बेटावर सगळेच फुटत नाही. फुटते ते सरकारी मालमत्ता म्हणून रंगवलेले, पांढऱ्या ताऱ्याची खूण असलेले: इंधनाच्या टाक्या, पाण्याचे उंच हौद, हुकूमशहाचे पुतळे, प्रचाराच्या गाड्या. प्रत्येक स्फोटाला गुण मिळतात आणि त्या गुणांचे नावच ‘केऑस’, म्हणजे अनागोंदी. वस्तीतल्या घरावर मात्र कितीही दारूगोळा ओता, घर पडत नाही. म्हणजे हे मोकळे जग म्हणवणारे जग आधीच दोन ढिगांत वाटलेले आहे. एकात कोणाचेच नसलेले आणि म्हणून मोडायला निर्दोष असे सारे काही. दुसऱ्यात माणसांचे, जे मोडतच नाही. पाण्याचा हौद फुटल्यावर त्या वस्तीत दुसऱ्या दिवशी पाणी कोण भरणार, हा प्रश्न उद्भवायला जागाच ठेवलेली नाही.

आता नाव पाहा. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेने पनामावर स्वारी केली, त्या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन जस्ट कॉज’. कारण म्हणून सांगितला गेला तो नोरिएगा हा हुकूमशहा. त्याचे लष्करी मुख्यालय पनामा सिटीच्या ज्या एल चोरिओ या गरीब वस्तीला लागून होते, तिथली जुनी लाकडी घरे त्या स्वारीत जळून गेली आणि हजारो माणसे बेघर झाली. नावातील हे साम्य आम्हाला योगायोगाचे वाटत नाही. कदाचित उपरोधाने घेतलेलेही असेल. पण उपरोध करायचा तर लाकडी घर पेटायला हवे. खेळात पेटतात त्या टाक्या.

ज्यांचे घर पडद्यावर असते त्यांना हे तात्काळ कळते. ‘मर्सिनरीज २’ हा खेळ २००८ साली आला. त्याचे रणक्षेत्र व्हेनेझुएला असणार हे जाहीर होताच २००६ मध्येच तिथल्या सत्ताधारी लोकप्रतिनिधींनी त्याविरुद्ध आवाज उठवला, हा आमच्या देशावरील स्वारीची मने तयार करण्याचा प्रकार आहे असे म्हटले. तेव्हा त्यांची बरीच टिंगल झाली. त्यांच्या राजकारणाशी आम्हाला देणेघेणे नाही, आणि खेळातून स्वारी होते असेही आम्ही मानत नाही. पण आपलेच रस्ते दुसऱ्याच्या गुणसंख्येसाठी फुटताना पाहणाऱ्याला अद्भुत दिसत नाही, एवढे वाचन त्यांचे बिनचूक होते.

यावर एक ठरावीक उत्तर येते: खेळ तो खेळ, त्याभोवती एक रिंगण असते, रिंगणाबाहेरचे नियम आत आणू नयेत. योहान हायझिंगाच्या १९३८ सालच्या ‘होमो लुडेन्स’चा दाखलाही सोबत येतो. आम्हाला रिंगण मान्य आहे. नाटकालाही ते असतेच, म्हणून नाटकातला शोक खोटा ठरत नाही. आमचे म्हणणे बाहेरून आणलेले नाहीच. ‘रेड फॅक्शन’मध्ये सामान्य नागरिक मारला गेला तर जनतेचे मनोधैर्य दाखवणारा आकडा घसरतो आणि बंडखोरांच्या मदतीला येणारे हात कमी होतात. म्हणजे परिणाम हिशेबात धरण्याची ताकद या खेळात आहे. तुळईवर किती भार आला हे जो यंत्रगणक क्षणाक्षणाला मोजतो, त्याला छताखाली कोण होते हे लक्षात ठेवणे जड नाही. तरीही माणसाच्या मरणाचा एक आकडा झाला आणि ढिगाऱ्याचे काय झाले? तो वेचायचा, म्हणजे नवी हत्यारे घेता येतात. मलबा हेच त्या मंगळावरचे चलन आहे. करुण जिथे उगवायचा त्या जागेवर दुकान थाटले आहे.

तेव्हा पुढच्या चर्चासत्रात निबंधवाचन थोडे कमी करावे, भिंतीवर पडदा लावावा आणि तो घण तासभर आमच्या ज्येष्ठ प्राध्यापकांच्या हाती द्यावा. इमारतीचा भार नेमका कुठे आहे हे कळायला त्यांना किती वेळ लागतो, याची आम्हाला उत्सुकता आहे. आणि ती पडल्यावर ते कुठे पाहतात, याची त्याहून अधिक.