सप्ताह बंद होते, मग मृदंगवाल्याची चूल कशी पेटणार?

२०२० साली पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, मंदिरं उघडली. पण कीर्तनकार, गायक, मृदंग वाजवणारे यांच्या घरचं गणित तेव्हाही बसलेलं नव्हतं. लॉकडाऊन लागला २५ मार्चला, नेमका गुढीपाडव्याला. पुढं रामनवमी, हनुमान जयंती, गावोगाव सप्ताह. कमाईचे दिवस हेच, ते सगळे बुडाले. आषाढीला माउलींच्या पादुकाच एसटीने पंढरपूरला गेल्या, तिथं दिंडीचं काय सांगावं!

काही महाराजांनी मोबाईलवर कीर्तन केलं, मागं टाळ घेऊन घरचीच पोरं. घरोघर हरिपाठ झाला हे चांगलंच. पण बिदागी कमिटी देते, मोबाईल देत नाही. नामवंतांचं निभलं. मृदंगवाल्याचं नाही. परवा एक जण माझ्याच वावरात कांदा लागणीला रोजाने आला होता.

आमच्या गावची वर्गणी पाडव्याआधीच गोळा झालेली, ती पडून आहे. ना मंडपाचा खर्च झाला, ना पंगतीचा. महाराजांची तारीख आपणच घेतली होती ना? मग ठरलेली बिदागी, निदान निम्मी, घरपोच द्यायला काय हरकत? मी बैठकीत बोललो. "पुढच्या साली बघू," म्हणाले. पुढच्या बैठकीत पुन्हा बोलणार आहे.