‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमकं काय झालंय?

दहावीचा निकाल, सीईटीच्या अर्जाची शेवटची तारीख, रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन, सेतू केंद्रातला उत्पन्नाचा दाखला. ठिकाण कुठलंही असो, खिडकीतून उत्तर ठरलेलं: "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." बाहेर पाऊस पडतोय अशा सुरात हे सांगितलं जातं. कुणी काही केलेलं नाही, आपोआप झालंय. मजुरी करणाऱ्याचा रोज बुडतो, पोरीच्या अर्जाची तारीख निघून जाते, आणि जबाबदार कोण? तर सर्व्हर!

मित्रांनो, माझं म्हणणं सरळ आहे. बऱ्याचदा ते मशीन धडधाकट चालू असतं. ते तुम्हाला दारातूनच परत पाठवत असतं आणि किती जणांना परत पाठवलं याची मोजदादही तेच ठेवत असतं. तो आकडा आपण मागत नाही, म्हणून कुणी देत नाही.

जरा आत शिरून बघू. घाबरू नका, सिव्हिल हॉस्पिटलची ओपीडी पाहिलेल्या कुणालाही हे समजेल.

जगातले बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. वेबसाइटचा प्रोग्रॅम नेटवर्कशी थेट बोलत नाही, मधे कर्नल असतो. तुमचा फोन आधी विचारतो, येऊ का? कर्नल म्हणतो, या. फोन म्हणतो, आलो. एवढं झालं की जोडणी पक्की. या जोडणीचं सर्व्हरकडचं टोक म्हणजे सॉकेट. मग कर्नल तुम्हाला बाकावर बसवतो आणि आतला प्रोग्रॅम एकेकाला नाव पुकारून बोलावतो. आत डॉक्टर, बाहेर बाक आणि दारात शिपाई. शिपाई म्हणजे कर्नल.

आता प्रश्न असा की बाक केवढा? इथेच गंमत आहे. लिनक्समध्ये या बाकाची कमाल मर्यादा वर्षानुवर्षं १२८ होती. २०१९च्या शेवटी आलेल्या ५.४ आवृत्तीत ती ४०९६ केली. बदलता ती आधीही येत होती, एका ओळीचं काम. पण प्रोग्रॅमही आपला आकडा सांगतो आणि दोन्हींत जो लहान तो लागू होतो. जावामध्ये काहीच सांगितलं नाही तर तो आकडा ५०. जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या टॉमकॅटमध्ये १००. म्हणजे लाखोंचं मशीन घ्यायचं, उद्घाटनाला फीत कापायची आणि बाक मात्र पन्नास जणांचा! दहावीला राज्यात १५-१६ लाख पोरं बसतात आणि निकाल सगळ्यांना एकाच मिनिटाला उघडायचा असतो.

बाक भरला की शिपाई काय करतो? "आज जागा नाही" असं म्हणतो का? नाही. तो काहीच बोलत नाही. लिनक्सची मूळ सेटिंगच तशी आहे, नव्याने आलेल्या विनंतीकडे न बघितल्यासारखं करायचं. हेतू वाईट नाही, थोड्या वेळाने जागा होईल आणि फोन पुन्हा विचारेलच, असा हिशोब. आणि फोन खरंच पुन्हा विचारतो. एका सेकंदाने, मग दोन सेकंद थांबून, मग चार, मग आठ, दर वेळी दुप्पट. तुमच्या स्क्रीनवर ते गोल गोल फिरतं ना, त्या वेळी हे चाललेलं असतं. आपण वैतागून रिफ्रेश मारतो. झालं, रांगेत आणखी एक. आधीची जोडणी बाकावर तशीच बसून असली तर आतला प्रोग्रॅम तिचं नाव पुकारतो, तिचं काम करतो, उत्तर तयार करतो आणि बघतो तर माणूस कधीच निघून गेलेला. गर्दीच्या दिवशी सर्व्हर असा निघून गेलेल्यांची सेवा करत बसतो आणि दाराशी उभे असलेले ताटकळतात.

म्हणून कुणी म्हणेल की बाक मोठा करा, प्रश्न संपला, तर तेही खरं नाही. डॉक्टर एकच असेल तर बाक वाढवून फक्त वाट पाहणं वाढतं. सॉकेट बंदच न करणारा प्रोग्रॅम ही आणखी वेगळी डोकेदुखी. समोरच्याने फोन ठेवला तरी प्रोग्रॅमने आपली बाजू बंद केल्याशिवाय कर्नल ते सॉकेट मोडीत काढत नाही. साठत साठत प्रोग्रॅमची मर्यादा संपते. सॉकेट धरून उघड्या फायलींची ही मर्यादा अनेक ठिकाणी १०२४ असते. ती संपली की सगळं ठप्प. मग कुणीतरी रीस्टार्ट मारतो, दोन दिवस बरं चालतं, पुन्हा तेच. "रीस्टार्ट केलं की चालतं" हे ज्यांच्याकडून नेहमी ऐकू येतं, त्यांनी सॉकेट बंद करणारा कोड एकदा तपासावा.

पण मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. जोडणी संपल्यावर, जी बाजू आधी बंद करते तिचा कर्नल त्या जोडणीची नोंद ६० सेकंद सांभाळतो. वाटेत रेंगाळलेलं एखादं पॅकेट चुकून दुसऱ्याच्या जोडणीत घुसू नये म्हणून. गर्दीच्या सर्व्हरवर अशा हजारो नोंदी दिसतात. त्या बघून घाबरलेल्या लोकांसाठी इंटरनेटवर एक रामबाण उपाय फिरायचा: ‘टीसीपी टीडब्ल्यू रिसायकल’ नावाची कळ चालू करा. मुळात ती बंदच असायची. पण नोंदी झटकन साफ होतात म्हटल्यावर अनेकांनी न वाचता ती चालू केली.

ती चालू झाली की कर्नल प्रत्येक आयपी पत्त्यामागे शेवटचा वेळेचा शिक्का लक्षात ठेवायचा आणि त्याच पत्त्यावरून मिनिटभरात त्याहून जुना शिक्का घेऊन कुणी आलं तर ती विनंती गुपचूप टाकून द्यायचा. आता मोबाइल कंपन्यांकडे बघा. एकेका आयपी पत्त्यामागे त्यांचे असंख्य ग्राहक असतात. प्रत्येक फोनचं घड्याळ वेगळं. एकाला प्रवेश, शेजारच्याला नाही, आणि कारण कुणालाच कळत नाही. अँड्रॉइड फोन हा शिक्का लावतात. विंडोजचे संगणक मात्र सहसा लावत नाहीत, त्यामुळे ते या तपासणीतून सुटायचे.

म्हणजे अशा सर्व्हरबद्दल तक्रार आली की साहेब टेबलावरच्या संगणकावर साइट उघडून बघणार आणि म्हणणार, "इथे तर चालतंय." ते खोटं बोलत नव्हते! त्यांच्याकडे चालतच होतं. गावातल्या मोबाइलवर चालत नव्हतं. ज्याच्याकडे फोनशिवाय दुसरं काही नाही तोच बाहेर, आणि यंत्रणेच्या लेखी तक्रार खोटी. लिनक्सवाल्यांनी २०१७च्या जुलैत आलेल्या ४.१२ आवृत्तीतून ही कळच उपटून टाकली. पण सर्व्हरवर खूप वापरला गेलेला सेंटओएस ७ त्याआधीच्या ३.१० कर्नलवर होता आणि त्याचा अधिकृत आधार ३० जून २०२४ला संपला. आपल्या कार्यालयांत जुनी मशीन किती वर्षं रेटतात ते तुम्हाला सांगायला नको. कुठल्या सर्व्हरवर काय आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणूनच ते विचारायचं.

विचारता येतं. बाक भरल्यामुळे किती विनंत्या टाकल्या, याचा आकडा कर्नल ठेवतो आणि ‘नेटस्टॅट’ची एक आज्ञा दिली की तो समोर येतो. त्या जुन्या कळीमुळे नाकारलेल्यांचीही वेगळी मोजणी असते. एक मेख आहे, मशीन रीस्टार्ट केलं की हे आकडे शून्यावर येतात. म्हणजे "रीस्टार्ट केलं" यात पुरावाही पुसला जातो, मुद्दाम असो वा नसो. दर मिनिटाला हे आकडे टिपून ठेवणारी साधनं फुकट मिळतात. निविदेत "९९ टक्के उपलब्धता" असं लिहिलेलं असतं, पण मोजणार कोण, तर तोच कंत्राटदार, आणि मोजणार काय, तर मशीन चालू होतं की नाही! दारातून परत गेलेले त्यात धरलेलेच नसतात. माझ्या मते बिल काढताना उपलब्धतेसोबत हा आकडाही फाइलला लागला पाहिजे.

तोवर आपल्या हातात माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, तेव्हा भाषण लिहू नका. अमुक दिवशी अमुक वेळेत रांग भरल्यामुळे सर्व्हरने किती विनंत्या नाकारल्या, त्या दिवशी रांगेची मर्यादा किती ठेवली होती, कर्नलची आवृत्ती कोणती आणि मशीन शेवटचं कधी रीस्टार्ट केलं, एवढं पुरे. "सुरक्षेचा प्रश्न आहे" म्हणून आवृत्ती नाकारतील कदाचित. नाकारलेल्या विनंत्यांचा आकडा देण्यात कसली आलीय सुरक्षा? तिथे अपील करा. "माहिती होस्टिंग कंपनीकडे आहे" असं उत्तर आलं तर कलम २(जे) दाखवा, कार्यालयाच्या नियंत्रणाखालची माहितीही त्यात येते.

आणि "अशी नोंद ठेवलेली नाही" असं लेखी आलं, तर तो कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी तारीख हुकल्यावर मुदतवाढ मागताना अर्जाला जोडायला उपयोगी पडेल.