दहा टक्के कशाचे?

मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, आणि
मा. सहआयुक्त, नागपूर विभाग, यांस



गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या शिवणवाल्या ताई भरदुपारी एक बाटली पदराआड धरून आल्या. बर्डीच्या बाजारातून आणलेलं सीरम, 30 मिली, 1,850 रुपये. त्यांच्या हिशेबानं सहा ब्लाउज. दर्शनी बाजूला ठसठशीत ‘10 टक्के पेप्टाइड’ आणि खाली सुरकुत्या मिटवण्याचा वायदा. “मॅडम, तुम्ही केमिस्ट्रीच्या. वाचून सांगा ना जी. दहा टक्के म्हनजे जोरदारच असन?”

मी भिंग काढलं. घटकांची यादी मागच्या बाजूला, करड्यावर पांढऱ्या अक्षरांत, राईच्या दाण्याहून बारीक. आधी पाणी, मग ग्लिसरीन, मग आणखी बरंच काही, आणि अॅसिटिल हेक्झापेप्टाइड-8 शेवटून तिसरं. ते खरंच दहा टक्के असतं तर वर, पाण्याच्या आसपास असायला हवं होतं. 2020 च्या सौंदर्यप्रसाधने नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यामागे कसेही लिहिले तरी चालतात. पेप्टाइडं त्याच गर्दीत मिसळलेली असतात.

मग हे दहा टक्के कशाचे? द्रावणाचे. हे पेप्टाइड कारखान्यांना बहुतेकदा आधीच पाण्यात पातळ केलेलं मिळतं. बाजारात रूढ असलेल्या द्रावणात खरं पेप्टाइड 0.05 टक्के असतं. त्याचे दहा टक्के घातले की 30 मिलीत जेमतेम दीड मिलिग्रॅम. ताईंना मिलिग्रॅम समजेना, म्हणून मी मसाल्याच्या डब्यातली खसखस काढली आणि तीन-चार दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. साधारण एवढं, म्हटलं. त्या हाताकडे बघतच राहिल्या. मग दाणे परत डब्यात टाकले. बाई काटकसरी आहे.

पेप्टाइडं म्हणजे निव्वळ थोतांड, असं मी म्हणत नाही. अशी काही रसायनं अगदी अल्प मात्रेत काम करतात. कोलॅजेनच्या एका तुकड्याची नक्कल असलेल्या पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइडचा अभ्यास 2005 साली छापून आला. 93 बायका, बारा आठवडे, अर्ध्या चेहऱ्याला साधं क्रीम आणि उरलेल्या अर्ध्याला तेच क्रीम पेप्टाइड घालून. मात्रा दहा लाख भागांत तीन भाग. फरक दिसला, पण थोडा. अभ्यासात क्रीम विकणाऱ्या कंपनीचीच माणसं होती आणि बायका सगळ्या गोऱ्या वंशाच्या. ताईंच्या बाटलीतल्या हेक्झापेप्टाइडबद्दल ‘सुरकुत्यांची खोली 30 टक्क्यांनी कमी’ असं जे सर्रास सांगतात, त्याचं मूळ 2002 च्या एका स्पॅनिश अभ्यासात आहे. त्यात बायका होत्या दहा. आमच्या चाळीतही याहून जास्त निघतील.

मात्रा कमी म्हणून माझी तक्रार नाही. तीन भाग घाला, पण तीन लिहा. दहा टक्के हा आकडा वाचून घेणारी बाई पाच टक्क्यांची स्वस्त बाटली बाजूला ठेवते, आणि दोन्हींत प्रत्यक्ष किती पेप्टाइड आहे हे ताडून बघायची सोयच तिला नसते.

कायद्यातली गंमत तुम्हाला मी सांगायला नको. 1945 च्या औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये ज्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा औषधालासुद्धा करता येत नाही, त्यांत अकाली वार्धक्य आहे, तारुण्य परत आणण्याची शक्तीही आहे. प्रसाधनाची कायद्यातली व्याख्या स्वच्छ करण्यापुरती, सजवण्यापुरती, रूप बदलण्यापुरती. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या गोळीला जे बोलायला मनाई, ते बर्डीवरची बाटली खुशाल बोलते. दिशाभूल करणारा दावा प्रसाधनालाही वर्ज्य आहे, पण तो शोधायला कुणीतरी भिंग घेऊन बसावं लागतं.

औषध की प्रसाधन, हा वाद नागपूरला नवा नाही. इथल्या केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यानं विकोच्या मालाबद्दल हाच प्रश्न काढून सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि वीसेक वर्षांपूर्वी खातं हरलं. तेव्हा मुद्दा कराचा होता, म्हणून सरकारनं चिवटपणे लढवला. आता पैसा ताईंचा आहे.

नियम दिल्लीत होतात, ठाऊक आहे. पण दुकानात शिरून नमुना उचलणारा निरीक्षक तुमचा. दर्शनी टक्केवारी छापणाऱ्यांना एकदा विचारा, हे टक्के द्रावणाचे की पेप्टाइडचे? बाटलीत किती मिलिग्रॅम आहे ते ठळक छापायला लावण्याची शिफारस केंद्राकडे पाठवा. अभ्यासाचा आकडा जाहिरातीत वापरला, तर किती जणींवर आणि कशाशी तुलना करून, हेही शेजारी येऊ द्या. माणसं कमी पडत असतील तर एलएडी कॉलेजात मुली कॉस्मेटिक टेक्नॉलॉजी शिकतात. त्यांना शंभर बाटल्या वाचायला द्या, त्यांचा प्रकल्पही होईल.

ताईंना मी सांगितलं, सुरकुत्यांचं मुख्य कारण आपलं ऊन आहे. इथे मे महिन्यात पारा 47 च्या वर गेलेला आहे. स्कार्फ बांधताच, तसं सनस्क्रीनही रोज लावा, ते या बाटलीहून स्वस्त पडेल. त्या हो म्हणाल्या आणि उरलेलं सीरम संपवणार असंही म्हणाल्या. सहा ब्लाउजांचे पैसे आहेत शेवटी.

संपलं की बाटली मला देणार आहेत. लेबल शाबूत आहे. नमुना म्हणून हवी असेल तर कार्यालयात आणून देईन. फक्त दुपारी बारा ते चार बोलावू नका.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, नागपूर